वाचकांचे प्रश्न: पुन्हा कॅज्युअल्टी, पुन्हा हेल्पलाइन

प्रश्न : ताई, माझी धाकटी बहीण २४ वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात तिला किती वेळा कॅज्युअल्टीत नेलं ते मोजणं आता सोडून दिलंय. कधी हाताला जखमा करून घेते, कधी नुसतंच रात्री ‘मला जगायचं नाहीये’ म्हणत दार लावून बसते. मग सगळ्यांची धावपळ, ड्युटीवरचे डॉक्टर ड्रेसिंग करतात, सकाळी मानसोपचारवाले सर येऊन बघून जातात, गोळी बदलतात, की आम्ही घरी. मागच्या वेळी तिथली सिस्टर तिच्या तोंडावर म्हणाली, ‘आली का परत ही!’ आई म्हणते हे सगळं लाडामुळे होतंय, लक्ष देणं बंद करा, आपोआप थांबेल. पप्पा काही बोलतच नाहीत. मधले आठ-दहा दिवस ती ठीक असते तेव्हा आम्ही हुश्श करतो आणि कोणी तो विषयच काढत नाही. फाइलवर बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी असं काहीतरी लिहिलंय. आम्ही नक्की काय करायचं?
– मोठी बहीण, नाशिक

उत्तर : मला तुझ्या पत्रातली सिस्टर नाही खटकली एवढी, ते ‘ठीक असते तेव्हा कोणी विषयच काढत नाही’ हे खटकलं. बघ ना, वाईट रात्री अख्खं घर जागं असतं, पप्पा गाडी काढतात, तू रजा टाकतेस, डॉक्टर विचारतात काय झालं बाळा. आणि मंगळवारी दुपारी, जेव्हा ती शांत बसलेली असते पण आतून पोखरत असते, तेव्हा तिला कोण विचारतं? ती नाटक करत नाहीये, त्रास शंभर टक्के खरा आहे, पण तुमच्या घरी काय आणि हॉस्पिटलात काय, मदतीचं दार फक्त त्या एका वेळेलाच उघडतं. माणूस बुडताना जे दार उघडं दिसेल तिकडेच जाणार.

आईंचं म्हणणं अर्धंच धरलं तर धोक्याचं आहे. वाईट रात्रीचं लक्ष काढून घेतलं आणि बाकीच्या दिवसांत काहीच दिलं नाही तर तिच्याकडे उरलं काय? आणि ज्या माणसाने आधी स्वतःला इजा केलीय त्याच्या जिवाला धोका इतरांपेक्षा जास्तच असतो, त्यामुळे ‘नेहमीचंच आहे’ असं एकदाही म्हणायचं नाही. जखम असेल, काही घेतलं असेल किंवा जिवाची भीती वाटली तर तडक हॉस्पिटल, नाहीतर ११२. त्यात चर्चा नाही.

बदलायचंय ते मधल्या दिवसांत. आठवड्यातल्या दोन वेळा तिच्यासाठी ठरवून टाक, समजा बुधवारी संध्याकाळी तुम्ही दोघी चालायला जाणार आणि रविवारी पप्पांसोबत नाश्ता. ती नीट वागली म्हणून हे बक्षीस नाही, आणि आदल्या रात्री गोंधळ झाला म्हणून ते रद्दही होणार नाही. वाईट रात्री मात्र सगळं कमी आवाजात, जखमेकडे बघायचं, सोबत बसायचं, पण ‘आमचा विचार केलास का’ हे भाषण नको आणि आत्या-काकांना फोन लावून मैफल जमवणं तर मुळीच नको.

आता उपचारांचं. फाइलवर लिहिलेलं बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी म्हणजे भावना पटकन आणि अतिशय तीव्रतेने उसळण्याचा, त्या आवरता न येण्याचा त्रास. अशा त्रासासाठी डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी आहे, अमेरिकेत सिएटलच्या मार्शा लिनेहान यांनी उभी केलेली, तिची पहिली मोठी चाचणी १९९१ला छापून आली. या बाई स्वतः कॉलेजच्या वयात मनोरुग्णालयात दाखल होत्या, स्वतःला इजा करायच्या, आणि हे त्यांनी २०११मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यामुळे त्यांच्या पद्धतीत बाहेरून बघणाऱ्याचा कोरडेपणा नाही. आठवड्याला एक सेशन एकटीचं, एक गटात, जिथे भावना अंगावर आल्यावर काय करायचं ते अक्षरशः शिकवतात, गृहपाठासकट. आणि मध्ये फोनची सोय. त्या फोनचा नियम ऐकण्यासारखा आहे, इजा करावीशी वाटतेय तेव्हा, करायच्या आधी, फोन करायचा. केल्यानंतर २४ तास थेरपिस्टला जादाचा फोन नाही, ठरलेलं सेशन मात्र ठरल्याप्रमाणे होतं आणि जिवाला धोका असेल तर नियम बाजूला. ऐकायला कठोर वाटतं ना? पण उलटं करून बघ, आधी फोन केला तर भरपूर मदत, म्हणजे मदत मिळवायला रक्त काढायची गरजच राहत नाही.

पूर्ण डीबीटी आपल्याकडे मोजक्या ठिकाणी मिळते, बहुतेक मोठ्या शहरांत किंवा ऑनलाइन. त्यामुळे थेरपिस्ट शोधताना ‘काउन्सेलिंग करता का’ एवढंच विचारू नकोस, विचार की स्वतःला इजा करणाऱ्या पेशंटबरोबर काम केलंय का, आठवड्याला भेटाल का, आणि मधे फोन करायचा झाला तर काय पद्धत. तिसऱ्या प्रश्नावर जो गडबडेल तो या कामाला नको. खाजगी परवडत नसेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे सायकॉलॉजिस्ट आहेत का ते विचार. आणि डिस्चार्जच्या वेळी कागदावर पुढच्या भेटीची तारीख आणि कोणाला भेटायचं त्याचं नाव घेतल्याशिवाय उठायचंच नाही, ‘लागलं तर या’ हे चालवून घेऊ नकोस.

याला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला होता, त्यात आपलं चेन्नईही होतं. आत्महत्येचा प्रयत्न करून इमर्जन्सीत आलेल्या १८६७ लोकांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले, बाकीच्यांना त्याशिवाय तासभर बसून नीट समजावलं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन विचारपूस केली. २००८ला निकाल आले, नेहमीच्या उपचारांच्या गटात दीड वर्षात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले, विचारपूस झालेल्या गटात ०.२ टक्के. नऊ वेळा, ठरलेल्या दिवशी, पेशंट रडत असो वा नसो! महागडं मशीन नाही, नवीन गोळी नाही. हे प्रत्येक सिव्हिलमध्ये का होत नाही हा प्रश्न मी विचारून विचारून थकलेय.

शेवटचं, सेफ्टी प्लॅन. जीव द्यावासा वाटायला लागलं तर क्रमाने काय करायचं, हे आधीच लिहून ठेवायचा, बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोघांनी बनवलेला हा एक पानी कागद. २०१८मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांचा अभ्यास आला, त्यात हा कागद आणि नंतरचे फोन मिळालेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येकडे जाणारं वागणं ४५ टक्के कमी होतं. तो तिनेच, तिच्या अक्षरात, बऱ्या दिवशी लिहायचा. म्हणजे असं काहीसं: ‘सुरुवात कशी होते – जेवण सोडते, एकच मेसेज पन्नासदा वाचते. एकटी काय करू शकते – गार पाण्याने तोंड धुणं, गच्चीवर फेऱ्या, जुने गाण्याचे रिअ‍ॅलिटी शो. विषय न काढता कोणाकडे जाऊ शकते – शेजारच्या काकूंचं बाळ. कोणाला सांगू शकते – ताई. डॉक्टर कोण, नंबर काय.’ आणि शेवटची ओळ घर सुरक्षित करण्याची, गोळ्या आठवड्यापुरत्याच घरात, त्याही तुझ्या कपाटात कुलपात. ही ओळ तिच्या मागून नाही, तिला सांगून, तिच्यासमोर करायची.


प्रश्न : मी एकटी राहते, पुण्यात जॉब करते, वय ३१. रात्री अकरानंतर जीव घाबरतो आणि मी हेल्पलाइनला फोन लावते, जवळजवळ रोजच. एका संस्थेने आता मला सांगितलंय की आठवड्यातून दोनदाच आणि वीस मिनिटंच बोलता येईल. खूप लागलं मनाला. मी इतकी नकोशी झालेय का सगळ्यांना?
– नाव नको

उत्तर : नाही गं. लागलं असणारच, रोजच्या आधाराला कोणी घड्याळ लावलं तर कोणालाही लागेल. पण तुझ्या रोजच्या फोनमध्ये काय होत असेल बघ, दर रात्री वेगळा आवाज, दर रात्री तू पहिल्यापासून गोष्ट सांगतेस, समोरचा कळकळीने ऐकतो, तुला झोप लागते, आणि दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. हेल्पलाइन एका रात्रीसाठी बनवलेली आहे, तुला आठवड्यानुआठवडे धरून राहणारं माणूस हवंय. मर्यादा घालणाऱ्यांनी ते माणूस गाठून द्यायलाही मदत करायला हवी होती, नुसती वीस मिनिटं सांगून मोकळं होणं मला पटलेलं नाही. तू पुढच्या फोनला त्यांना हेच विचार, मला तुमच्यातलं एकच माणूस ठरलेल्या वेळी मिळेल का? काही ठिकाणी अशी सोय करतात.

दुसरं, सरकारची टेली मानस आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. तिथे पहिल्यांदा समुपदेशक फोन घेतात पण त्यांच्या मागे सायकॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिस्टची दुसरी फळी आहे, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवायचीही व्यवस्था आहे. बहुतेक लोक मन मोकळं करून फोन ठेवतात, दुसऱ्या फळीपर्यंत जातच नाहीत. तू स्पष्ट म्हण: ‘मी रोज फोन करते, मला रात्रीपुरतं नकोय, मला नियमित उपचारांना जोडून द्या.’

फोन लावायच्या आधी मोबाइलवर तीन ओळी टाइप करत जा, आज काय घडलं, आत्ता किती त्रास होतोय दहापैकी, फोन संपल्यावर मी काय करणार आहे. तिसरी ओळ सुचत नसेल तर फोनवर तीच शोधायची, बाकीचं नंतर. छाती धडधडायला लागली तर बेसिनमध्ये गार पाणी घेऊन श्वास रोखून पंधरा-वीस सेकंद तोंड बुडव, ठोके खाली येतात, ही डीबीटीतलीच युक्ती आहे (हार्टचा त्रास असेल किंवा खाण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको). आणि अकरालाच का घाबरतं हे बघायला दिवसा, उजेडात भेटणारी थेरपिस्ट लागेल.

जीव द्यावासा वाटत असेल तर दोनदा-बिनदा काही मोजायचं नाही, लगेच फोन.


प्रश्न : भावाच्या मुलाने औषध घेतलं होतं, आता बरा आहे. हॉस्पिटलने एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केसची नोंद) केली, हवालदार येऊन जबाब घेऊन गेले. केस होईल का? या भीतीने वहिनी म्हणतात परत काही झालं तरी सरकारी दवाखान्यात न्यायचं नाही.
– काका, लातूर

उत्तर : काका, वहिनींना आधी हे वाचून दाखवा. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. उलट त्याला उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी, त्याच कलमात लिहिलंय. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ला न्याय संहिता आली तेव्हा गेलंच. सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी कोणी असं केलं तरच वेगळं कलम आहे, त्याचा तुमच्या पुतण्याशी काही संबंध नाही. एमएलसीची नोंद होते, जबाब होतो, तो कागदोपत्री भाग समजा. त्या भीतीपायी दवाखाना टाळलात तर जीव जाईल.


प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये असतो. भाचीला इथल्या ए अँड ई मध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, वारंवार न्यावं लागतं. तिच्या फाइलवर ‘हाय इंटेन्सिटी युझर’ (सेवा फार वापरणारी) लिहिलंय आणि मागच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं की असंच चालू राहिलं तर पोलिसांना सामील करून घ्यावं लागेल. इथे असं करतात?
– मावशी, लीड्स

उत्तर : करत होते, आणि म्हणूनच तुम्ही गप्प बसू नका. २०१३च्या सुमारास आइल ऑफ वाइट बेटावर ‘सिम’ नावाचं मॉडेल सुरू झालं, वारंवार इमर्जन्सीत येणाऱ्या पेशंटच्या टीममध्ये थेट पोलीस अधिकारी बसवायचा, वागण्याचे ‘परिणाम’ समजावून सांगायचे, प्रसंगी गुन्ह्याची धमकीही. फोन कमी झाले, पैसे वाचले म्हणून कौतुक झालं, इंग्लंडभर पसरलं. फोन कमी झाले म्हणजे माणूस बरा झाला का, हे कोणी विचारायचं? ते पेशंटांनीच विचारलं. २०२१मध्ये ‘स्टॉप सिम’ नावाने ते एकत्र आले, आणि २०२३मध्ये एनएचएस इंग्लंडने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, हॉस्पिटलं चालवणाऱ्या ट्रस्टना कळवलं की उपचारांत पोलीस, शिक्षेची भीती आणि मदत रोखून धरणं, हे प्रकार बंद झाले पाहिजेत.

तुमच्या हातात याहून पक्का कागद आहे, नाइस या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या तिथल्या संस्थेची सप्टेंबर २०२२ची सेल्फ-हार्मवरची (स्वतःला इजा करण्यावरची) मार्गदर्शक सूचना, नंबर एनजी २२५. वारंवार इजा करणाऱ्या किंवा सेवा जास्त वापरणाऱ्या पेशंटवर शिक्षेचे किंवा पोलिसी उपाय वापरू नयेत असं त्यात साफ लिहिलंय. प्रिंट काढून मीटिंगला न्या. भांडायला नको, फक्त विचारा की या सूचनेत तुमचा प्लॅन कुठे बसतो. भाचीची संमती असेल तर मीटिंगचे मुद्दे लेखी मागा, तिच्या कम्युनिटी टीममध्ये एक ठरलेलं माणूस आणि डीबीटीची वेटिंग लिस्ट मागा, आणि लिस्ट लांब असेल तर तोपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा ठरलेला फोन तरी मागा. तक्रार करायची तर हॉस्पिटलचं पाल्स, म्हणजे पेशंटच्या तक्रारी ऐकणारं ऑफिस असतं. रात्री-बेरात्री १११ लावून २ दाबलं की थेट मानसिक आरोग्याची टीम मिळते, जिवाला धोका असेल तर ९९९.

आणि भाचीला मीटिंगला बसवा. तिच्याबद्दल सात जण बोलतात आणि ती बाहेर कॉरिडॉरमध्ये, हे तिकडेही होतं आणि आपल्याकडे तर सर्रास होतं.