बरण्या, स्टीलचे डबे, फ्रिज: स्टिकर निघतो पण चिकटा राहतो. बाजारातलं रिमूव्हर घ्यावं का?

घरात खोबरेल असताना रिमूव्हरवर पैसे कशाला घालायचे? चिकट्यावर तेल चोपडा, अर्धा तास तिकडे बघू नका, मग नारळाच्या सोडणाच्या काथ्याने घासा. उरलंच तर तेलात खाण्याचा सोडा कालवून पुन्हा एकदा, आणि शेवटी भांड्याचा साबण. स्टिकरचा गोंद तेलाने मऊ पडतो, पाण्याने नाही. म्हणून तर रात्रभर बादलीत बुडवलेल्या बरणीवरून नुसता कागदाचा लगदा हाती येतो. पूर्वीची खळीने डकवलेली लेबलं पाण्यात आपसूक सुटायची. मी कोकमाचं आगळ भरायला शेजारपाजारच्या रिकाम्या बाटल्या गोळा करते, हे काम माझ्या रोजच्या हातातलं आहे.

आता तुम्हाला कोणीतरी स्पिरिट सुचवेलच. आमच्याकडे ते काम धाकट्या भाऊजींकडे आहे.

भाऊजी गणपतीला मुंबईहून येतात आणि मखर त्यांच्या ताब्यात जातं. 2018 साली थर्माकोलवर बंदी आली, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचं केलं आणि मागची बाजू डबल साइड टेपने सरळ माजघरातल्या कपाटाला चिकटवली. कपाट सासऱ्यांनी करून घेतलेलं, फणसाच्या लाकडाचं, वर लाखेचं पॉलिश. विसर्जन झाल्यावर टेप ओढली तर फोम तसाच कपाटाला. मी म्हटलं, "भाऊजी, राहू दे, मी तेल लावून ठेवते, संध्याकाळपर्यंत सुटेल."

"वहिनी, तेलाने डाग पडतात. डॉक्टरसुद्धा स्पिरिटच वापरतात."

डॉक्टर माणसांना पॉलिश करत नाहीत, हे मला तेव्हा सुचलं नाही.

लाखेचं पॉलिश बनतंच मुळी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. त्यावर पुन्हा स्पिरिट चोळलं की दुसरं काय होणार? फोम निघाला, नाही असं नाही, पण पॉलिशही बोळ्याबरोबर आलं. आणि भाद्रपदातली आमची दमट हवा, त्यामुळे आजूबाजूचं उरलेलं पांढरं फटक पडलं. "पॉलिश जुनंच झालं होतं," असं म्हणून भाऊजी गाडीत बसले. पॉलिशवाला म्हणाला, तुकडा जुळणार नाही, अख्खं दार खरवडावं लागेल. ते पैसे कोणी दिले ते विचारू नका. भाऊजी अजूनही म्हणतात, तेलाने डागच पडला असता. नसता पडला! पॉलिशवरचं तेल फडक्याने पुसलं की जातं.

हां, कोरं लाकूड, चुन्याची भिंत, पुस्तकाचं वेष्टन, इथे तेल लावू नका, तिथे डाग पडतोच. पण आमचं कपाट कोरं नव्हतं. काचेवर स्पिरिट खुशाल वापरा, काचेचं काही बिघडत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र प्लास्टिकपासून लांब ठेवा, बरंच प्लास्टिक त्याने धुरकट होतं किंवा विरघळतं.

स्टीलच्या डब्यात उकळतं पाणी ओता आणि बाहेरून स्टिकर गरम असतानाच सोला. बरणीवर हा प्रयोग नको, तडकेल. फ्रिजला तेलच, फक्त दाराच्या रबराला लागलं तर लगेच पुसा.

आणि रिमूव्हर घ्यायचंच असेल तर घ्या बापडे. पण आधी मागच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी थेंबभर लावून बघा. भाऊजींनी दाराच्या मधोमध सुरुवात केली होती.