ब्लॉक नवे, बांधायची रीत जुनी
घरबांधणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : वरच्या मजल्याला लाल विटांऐवजी एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) वापरले. प्लास्टरला तीन महिने झाले नाहीत तोच बीमखाली आडवे आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे गेले. ठेकेदार म्हणतो, मालच कच्चा. गच्चीवरची खोली पुन्हा विटांचीच बांधावी का?
– राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नको. विटांच्या भिंतीच्या मानाने ब्लॉकची भिंत साधारण एक तृतीयांश वजनाची होते. गच्चीवर तर तीच हवी. कच्चे ब्लॉक कधीमधी येतात, त्यासाठी पुरवठादाराकडे आयएस २१८५ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे केलेल्या चाचणीचा दाखला मागावा. पण तुम्ही लिहिलेल्या जागी तडे जातात तेव्हा दोष बहुतेक वेळा बांधणीत असतो.

वीट भिजवून लावायची, हे गवंड्याच्या हाताला बसलेलं असतं. तोच हात ब्लॉकच्या थप्पीवरही पाइप सोडतो. ब्लॉक पाणी पितो आणि भिंतीत बसल्यावर कित्येक महिने वाळत, आक्रसत राहतो. तेवढी ओढ जिथे भिंत कमजोर, तिथे फुटून दिसते : बीमखाली, खांबालगत, खिडकीच्या कोपऱ्यात. म्हणून थप्पी जमिनीपासून उचलून, ताडपत्रीखाली ठेवा. लावताना धूळ ब्रशने झटकून पृष्ठभाग नुसता ओलसर करा.

दुसरी चूक मसाल्याची. सिमेंट-वाळूचा १:४ चा घट्ट मसाला ब्लॉकपेक्षा मजबूत होतो, मग सांधा टिकतो आणि ब्लॉक चिरतो. पहिला थर लेव्हलसाठी सिमेंटच्या मसाल्यात घ्या. पुढे ब्लॉकसाठी मिळणारा तयार चिकट मसाला दातेरी थापीने २ ते ३ मिलीमीटर लावा. तो परवडत नसेल तर १:६, त्याहून घट्ट नको. खिडकीच्या खाली आणि वर ७५ ते १०० मिलीमीटर जाडीची, ८ मिलीमीटरच्या दोन सळयांची काँक्रीटची पट्टी फिरवा. लिंटेल दोन्ही बाजूंना किमान २०० मिलीमीटर आत टेकलेली हवी. बीमखाली १० ते १२ मिलीमीटर फट सोडा आणि वरचं वजन चढून भिंत बसली की, निदान पंधरा दिवसांनी, ती भरा. फट लगेच ठासून भरली तर वाकणारा बीम भिंतीवरच टेकतो. काँक्रीट आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे प्लास्टरआधी २०० मिलीमीटर रुंद जाळी, दोन्हीकडे १००-१००. वायरिंगची खाच छिन्नी-हातोड्याने फोडू देऊ नका, कटरच वापरा.

झालेल्या तड्यांची घाई नको, एक उन्हाळा जाऊ द्या. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, मध्ये रुंदी मोजून ठेवा. वाढ थांबली की दोन्ही बाजूंचं प्लास्टर १००-१०० मिलीमीटर काढून जाळीसह पुन्हा करा. मात्र तिरका तडा उन्हाळ्यात उघडत आणि पावसाळ्यात मिटत असेल, तर ब्लॉकला दोष देऊ नका. माळव्याची काळी माती पाण्याने फुगते, वाळली की फाकते. तो पायाचा प्रश्न आहे; स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

प्रश्न : इंजिनिअरने स्लॅबला पीपीसी सिमेंट घ्यायला लावलं. गाळा (दोन आधारांमधलं अंतर) पाच मीटरचा आहे. ठेकेदार नवव्या दिवशी सेंटरिंग (स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू) काढतो म्हणतो. पीपीसी कमजोर असतं का?
– सुदामानगर, इंदूर

उत्तर : कमजोर नाही, सावकाश. पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रातली बारीक राख असते. सिमेंट जमताना चुना सुटतो, त्याच्याशी राख हळूहळू जुळते, आणि त्यासाठी तिला ओल आणि दिवस दोन्ही लागतात. पर्यावरणाचा फायदाही या राखेतच आहे : शुद्ध चुनखडी भाजली की तिच्या वजनाचा ४४ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. राख जेवढी, तेवढं क्लिंकर (चुनखडी भाजून होणारा सिमेंटचा मूळ घटक) कमी, म्हणजे ती भट्टी तेवढी कमी.

आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला निदान ७ दिवस पाणी मारावं लागतं, पीपीसीला १०, आणि कोरड्या उन्हात १४. इथे एप्रिल-मेमध्ये स्लॅबवर मसाल्याची आळी करून ५० मिलीमीटर पाणी उभं ठेवा. आपले मिस्त्री ज्याला तराई म्हणतात ती सकाळ-संध्याकाळची शिंपणी पुरत नाही. गाळा ४.५ मीटरपेक्षा मोठा असेल तर साध्या सिमेंटलाही टेकू १४ दिवस हवेत. पीपीसीला त्याहून जास्त, आणि किती ते इंजिनिअरने लिहून द्यावं. १४ दिवसांचा आकडा पारा १५ अंशांच्या खाली जात नाही तेव्हाचा आहे, आणि इंदुरात डिसेंबरच्या रात्री तो जातो.

ठेकेदाराची घाई वाईट हेतूची नसते. प्लेटा आणि टेकू जेवढे दिवस अडकतात, तेवढे त्याचे पैसे अडकतात. म्हणून टेकूंचे दिवस करारातच लिहा आणि वाढीव भाडं कोण देणार हेही ठरवा. पर्यावरणपूरक बांधकाम बहुतेक ठिकाणी अडतं ते इथे, दुकानात नव्हे.

प्रश्न : रामबागेतलं जुनं घर पाडून नवीन बांधायचं आहे. मलबा काँक्रीटमध्ये चालेल का?

उत्तर : सरसकट नाही. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार, तोडलेल्या काँक्रीटपासून केलेली खडी एम २५ (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालते. विटा, प्लास्टर, टाइल्स यांची मिसळ मात्र फक्त एम १५ च्या खालच्या, कमी सिमेंटच्या काँक्रीटसाठी. या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, म्हणून ती पाणी खेचते. आदल्या दिवशी भिजवली नाही तर गिलावा सुकल्यागत काँक्रीट घट्ट होतं आणि कामगार वरून पाणी ओततो.

खरी अडचण पाडण्याच्या दिवशी असते. जेसीबी एका दिवसात सगळं एकत्र करून टाकतो. पीओपी तर आधीच उतरवून बाजूला काढा : त्यातलं सल्फेट सिमेंटशी भिडून काँक्रीट आतून फुगवतं. सागवानी तुळया, दारं आणि काळा दगड हाताने उतरवायला चार-पाच मजूर आणि आठवडाभर द्या. दगड नव्या पायाच्या बांधकामात जातो. विटांचे तुकडे जोत्याच्या भरावाला वापरता येतात, पण आधी काळी माती काढून मुरूम चोपून घ्या. उरलेला मलबा महापालिकेच्या संकलन केंद्रावर पाठवा, नाल्याकाठी नाही.