विक्षिप्त, पिसो आणि कवित्वाच्या आठ माता

फोंड्याहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. गावच्या देवळात उत्सवाच्या नाटकाआधी एका चित्रकाराचा सत्कार झाला आणि निवेदकानं त्यांची ओळख ‘विक्षिप्त प्रतिभेचे धनी’ अशी करून दिली. हा गौरव समजायचा का? आणि कोकणीतला ‘पिसो’ नि मराठीतला ‘पिसा’ एकच का?

गौरव मुळीच नाही. सत्काराच्या भाषणांत आणि श्रद्धांजलीच्या लेखांत हल्ली ‘विक्षिप्त’ पदवीसारखा बहाल केला जातो, आणि दर वेळी ऐकताना माझा संताप होतो. मराठीत विक्षिप्त म्हणजे तऱ्हेवाईक, ज्याच्याशी वागताना चार माणसांना त्रास होतो असा. हिंदीत तर त्याचा सरळ अर्थ वेडा. माणूस मनस्वी असेल तर मनस्वी म्हणा, लहरी असेल तर लहरी म्हणा, नादापायी तहानभूक विसरणारा असेल तर छांदिष्ट म्हणा. इतके नेमके शब्द हाताशी असताना भलताच का उचलायचा?

‘विखुरलेला, फेकला गेलेला’ हा मूळ अर्थ कोणत्याही कोशात मिळेल, तो सोडून देतो. या शब्दाचं सोनं योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात आहे. तिथे चित्ताच्या पाच भूमी, म्हणजे अवस्था, सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. विक्षिप्त हा क्षिप्ताचा वाढीव प्रकार असेल असं वाटतं ना? या भाष्याचे टीकाकार वाचस्पती मिश्र नेमकं उलट सांगतात: ‘क्षिप्ताद्विशिष्टं विक्षिप्तम्’. क्षिप्त चित्त सदा भरकटलेलं असतं. विक्षिप्त चित्तही बहुतेक वेळ चंचलच, पण ते अधूनमधून स्थिर होतं, आणि तेवढ्यानंच ते वरचं ठरतं. म्हणजे ज्या शास्त्रात हा शब्द तोलूनमापून वापरला, तिथेही त्याचा मोठेपणा भरकटण्यात नाही, स्थिरावण्यात आहे.

आता पिसो. होय, शब्द एकच. संस्कृत पिशाच, प्राकृतात पिसाअ, त्याचा मराठीत पिसा आणि कोकणीत पिसो, जसा आपला घोडा तिकडे घोडो. आपल्याकडे तो वेडापिसा, पिसाट, पिसाळलेला यांत उरला. गोव्यात मात्र पिसो, पिशी, पिसाय रोजच्या बोलण्यात जिवंत आहेत. मागे एका सदरात या शब्दाची सांगड मोराच्या पिसाशी घातलेली वाचली, का तर म्हणे वेडा आणि कवी दोघेही कल्पनेच्या पिसांवर उडतात. ही व्युत्पत्ती साफ चूक आहे. पीस आलं पिच्छपासून, मच्छचा मासा झाला त्याच नियमानं. दिसायला गोड म्हणून व्युत्पत्ती खरी होत नाही.

पिशाच म्हटलं की मला पैशाची आठवते, पिशाचांची म्हणून ओळखली जाणारी जुनी प्राकृत भाषा, आणि पैशाची म्हटलं की तिच्यात बृहत्कथा लिहिणारा गुणाढ्य. सोमदेवानं ‘कथासरित्सागरा’त सांगितलेली कथा अशी: आपल्या पैठणच्या सातवाहनाला सहा वर्षांत व्याकरण शिकवीन, असं गुणाढ्य म्हणाला, दरबारातला दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्य पैज हरला आणि त्यानं संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या. रानात जाऊन पिशाचांची भाषा शिकला आणि शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजानं ती झिडकारली. मग तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरणं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. राजा धावत आला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते. माझं मत असं की ‘पिसे’ला मराठीत जी ओढीची, ध्यासाची छटा आहे, संतांना विठ्ठलाचं पिसं लागतं ती, तिच्यामागे या रानातल्या कथाकाराची स्मृती आहे. कोशकार हे मानणार नाहीत. न मानोत, आजार, भूत आणि ध्यास हे तिन्ही एका शब्दात कसे नांदतात, याचं उत्तर कोशातही नाही.

पण याच गुणाढ्याला ‘वेडा प्रतिभावंत’ म्हणून मिरवतात, तिथे माझा त्यांच्याशी उभा दावा आहे. ग्रंथ लिहून घेतला तो त्याच्या चिकाटीनं. खिन्नतेनं काय केलं? सातांतले सहा भाग जाळले.

इटलीच्या लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरनं १८६४ मध्ये प्रतिभा आणि वेड यांची सोयरीक लावून दिली आणि लोक अजून तेच घोकतात. स्वीडनमध्ये जवळपास १२ लाख रुग्ण आणि त्यांच्या नातलगांच्या नोंदी तपासल्या. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्जनशील व्यवसायांतल्या लोकांत मनोविकार एकंदरीत इतरांहून जास्त आढळले नाहीत. अपवाद बायपोलर विकाराचा, म्हणजे उन्माद आणि खिन्नता यांचे झटके आलटूनपालटून येतात त्या आजाराचा. लेखकांत मात्र बरेच विकार अधिक दिसले, हे लपवायचं कारण नाही. रुग्णांच्या जवळच्या नातलगांतही सर्जनशील व्यवसाय जास्त आढळले, म्हणजे धागा काहीतरी आहे. पण तो आजारातून कलेकडे सरळ जात नाही. आणि ‘फार हुशार म्हणून डोकं फिरलं’ हे तर निखालस खोटं. स्किझोफ्रेनियाचा धोका कमी बुद्ध्यंकाच्या तरुणांत अधिक, असं स्वीडनमधल्याच सैन्यभरतीच्या नोंदी सांगतात.

हे मी इतक्या तिडकीनं लिहितो, कारण गोळ्या घेतल्या तर आतलं गाणं संपेल या भीतीनं गोव्यातल्या बांबोळीच्या मानसोपचार संस्थेची पायरी टाळणारी माणसं आहेत, आणि त्यांच्या भीतीला आपली सत्काराची भाषणं खतपाणी घालतात.

लोंब्रोसोच्या हजारेक वर्षं आधी राजशेखर हा संस्कृत कवी आणि काव्यशास्त्रकार होऊन गेला. आपल्या पणजोबाला तो ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणवतो, म्हणून त्याच्यावर आपला हक्क. काव्यमीमांसेत त्यानं कवित्वाच्या आठ माता सांगितल्या: ‘स्वास्थ्यं प्रतिभाभ्यासो भक्तिर्विद्वत्कथा बहुश्रुतता। स्मृतिदार्ढ्यमनिर्वेदश्च मातरोऽष्टौ कवित्वस्य॥’ पहिली माता स्वास्थ्य, प्रतिभेच्याही आधी. शेवटची अनिर्वेद, म्हणजे खचून न जाणं. गुणाढ्याला त्या रानात हीच पारखी झाली होती. पुढे तो कवीची दिनचर्या प्रहराप्रहरानं आखून देतो: सकाळी अध्ययन, मग रचना, दुपारनंतर काव्यगोष्ठी, मग केलेल्या रचनेची तपासणी. रात्रीचे दुसरा आणि तिसरा हे दोन प्रहर त्यानं झोपेसाठी राखून ठेवले आहेत आणि कारणही दिलं आहे: ‘सम्यक्स्वापो वपुषः परमारोग्याय’, नीट झोप हेच शरीराचं परम आरोग्य. झोप उडणं हे उन्मादाच्या झटक्याचं पहिल्या काही लक्षणांपैकी एक, असं आजचे मानसोपचारतज्ज्ञही सांगतात.