मोटार स्टेप का चुकते? घरी बनवलेल्या सीएनसी राउटरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरीच राउटर (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कापणारं यंत्र) उभा केला आहे. नेमा २३ मोटारी (३ अँपिअर), डीएम५४२ ड्रायव्हर (मोटारीला करंट देणारा), २४ व्होल्टचा सप्लाय, उनो बोर्डावर जीआरबीएल (यंत्र चालवणारा प्रोग्राम) आणि ५ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा) १६०५ बॉल स्क्रू. १८ मिमी एमडीएफची जाळी कापताना मध्येच एक्स अक्ष दोन-तीन मिलिमीटर सरकतो आणि पुढचं सगळं काम तेवढ्याच फरकानं होतं. जीआरबीएलमध्ये $११० ला (एक्सचा कमाल वेग) ५००० आणि $१२० ला (एक्सचं ॲक्सिलरेशन, म्हणजे वेग वाढण्याचा दर) ५०० ठेवले आहे. मोठी मोटार घ्यावी का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मोटार घेऊ नका, आधी फरक नीट मोजा. स्टेपर मोटार (ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपनं फिरणारी) लोडखाली सुटते तेव्हा ती मनाला येईल तेवढी मागे पडत नाही. चार पूर्ण स्टेपच्या, म्हणजे ७.२ अंशांच्या पटीतच ती पुन्हा पकड घेते. ५ मिमी लीडवर हे अंतर बरोबर ०.१ मिमी होतं. त्यामुळे डायल गेजवर (बारीक अंतर दाखवणाऱ्या सुईच्या मापकावर) फरक ०.१ च्या पटीत आला, तर मोटार ताकदीला कमी पडते आहे. ०.०३, ०.०७ असे सुटे आकडे आले तर दोष बहुधा मोटारीत नाही. मग कपलिंग (मोटार आणि स्क्रू जोडणारा भाग) घसरतं आहे का, नटमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे का, हे पाहावं लागेल. प्लेमुळे पडणारा फरक साठत जात नाही, ही त्याची खूण.

कपलिंगची तपासणी दोन मिनिटांची आहे. मोटारीचा शाफ्ट, कपलिंग आणि स्क्रू यांवरून मार्करनं एक सरळ रेघ ओढा आणि काम चालवा. रेघ तुटलेली दिसली की ग्रब स्क्रू (कपलिंग शाफ्टवर आवळणारा छोटा स्क्रू) सैल आहे. शाफ्टवर कानशीनं छोटा सपाट भाग करा आणि ग्रब स्क्रूला लॉकटाइट लावा. चिमटा पद्धतीचं कपलिंग मिळालं तर ते जास्त भरवशाचं.

रेघ शाबूत असेल तर वीज बंद करून स्क्रू हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. एखाद्या जागी जड लागला, तर नट आणि बेअरिंग एका रेषेत नाहीत. नटच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल करा, गॅन्ट्री (कटर वाहून नेणारी सरकती चौकट) बेअरिंगच्या अगदी जवळ आणा आणि तिथंच ते आवळा. मग दुसऱ्या टोकाला नेऊन तिकडच्या बेअरिंगचे बोल्ट सैल करून पुन्हा आवळा. एमडीएफचा भुसा ग्रीसमध्ये मिसळून घट्ट लगदा होतो, तोही पुसून काढा.

आता तुमचे आकडे. मिनिटाला ५००० मिमी म्हणजे ५ मिमी लीडवर मोटारीचे १००० फेरे. २४ व्होल्टवर एवढ्या वेगात कॉइलमध्ये करंट पुरता चढायच्या आत तो उलटवायची वेळ येते, त्यामुळे मोटारीवर जो जोर लिहिलेला असतो त्याचा थोडाच भाग हाती राहतो. $११० ला २००० आणि $१२० ला १०० करा. कटर न लावता ० ते ३०० मिमी अशा तीस फेऱ्या जलद चालीनं मारा आणि शून्यावर डायल बघा. सुई जागेवर आली तर एकेक आकडा थोडा थोडा वाढवत जा. जिथं चूक होईल त्याच्या साठ टक्क्यांवर तो कायम ठेवा, कारण प्रत्यक्ष कापताना लाकडाचा जोर वर येतोच.

वेग खरोखरच हवा असेल तर पैसे ३६ व्होल्टच्या सप्लायवर घाला. डीएम५४२ ५० व्होल्टपर्यंत चालतो, पण मोटार थांबताना वीज उलटी येते, त्यासाठी वर थोडी जागा हवी. करंट आधी २.८४ च्या पीक सेटिंगवर ठेवून पाहा. जोर कमी वाटला तर पुढच्या टप्प्यावर जा, फक्त मोटारीचा पृष्ठभाग ८० अंशांच्या आत राहू द्या. ड्रायव्हर चालू असताना मोटारीची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर जळतो.

मायक्रोस्टेप (ड्रायव्हर एका पूर्ण स्टेपचे करतो ते भाग) एक-अष्टमांशच असू द्या. एक-बत्तीसांश केलं की मिलिमीटरला १२८० पल्स (बोर्डाकडून ड्रायव्हरला जाणारे विजेचे ठोके) लागतात. मिनिटाला ३००० मिमी वेगाला ते सेकंदाला ६४,००० होतात. उनोवर जीआरबीएल सुमारे ३०,००० च्या पुढे जात नाही.

प्रश्न : नावाच्या पाट्या कोरताना शेवटची अक्षरं पहिल्यापेक्षा खोल जातात. झेडला (वर-खाली जाणाऱ्या अक्षाला) ८ मिमी लीडचा टी८ स्क्रू आहे. – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर, कटर कोलेटच्या (कटर पकडणाऱ्या चिमटीच्या) बाहेर किती आहे ते व्हर्नियरनं मोजा. भुसा वर फेकणारा स्पायरल कटर स्वतःलाच कोलेटमधून खाली ओढत असतो. लांबी वाढलेली निघाली तर मोटारीचा काहीच दोष नाही. कोलेट साफ करा, झिजला असेल तर बदला.

लांबी तीच असेल तर जीआरबीएलमधला $१ पाहा. तो मुळात २५ असतो, म्हणजे थांबल्यावर २५ मिलिसेकंदांत मोटारीची पकड सुटते. आठ मिलिमीटर लीडचा स्क्रू स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या मोटारीच्या) वजनानं आपोआप फिरतो आणि झेड खाली बसतो. $१ ला २५५ करा. तरीही फरक राहिला तर मोटार वर उचलताना स्टेप चुकते आहे. झेडचं ॲक्सिलरेशन निम्मं करा.

प्रश्न : देव्हाऱ्याच्या दारावरचं तीन तासांचं नक्षीकाम एका बाजूला हळूहळू सव्वा मिलिमीटर सरकतं. झटका नाही, आवाज नाही. स्क्रू १६०५, मायक्रोस्टेप एक-अष्टमांश. वेग निम्मा केला तरी तेच. – एक वाचक, नाशिक

उत्तर : वेग कमी करूनही फरक पडत नाही, म्हणजे दोष सिग्नलमध्ये आहे. दिशेचा सिग्नल आणि पल्स एकाच क्षणी ड्रायव्हरला पोहोचले की वळणावरची पहिली पल्स जुन्याच दिशेत मोजली जाते. ऑप्टोला (ड्रायव्हरमधल्या, प्रकाशातून सिग्नल आत नेणाऱ्या भागाला) चालू आणि बंद व्हायला लागणारा वेळ सारखा नसतो, म्हणून ही चूक बहुधा एकाच बाजूच्या वळणावर होते आणि साठत जाते. दर वेळी दोन मायक्रोस्टेप, म्हणजे ०.००६२५ मिमी. अशा दोनशे चुकांत तुमचा सव्वा मिलिमीटर भरतो. नक्षीत वळणं हजारोंनी असतात.

ड्रायव्हरची प्लस टोकं ५ व्होल्टला आणि मायनस टोकं बोर्डाला जोडली असतील तर पल्स उलटी पोहोचते. तेव्हा $२ ला ७ करा, तिन्ही अक्षांची पल्स उलटेल. मग १ मिमी पुढे-मागे अशा हजार फेऱ्या सावकाश चालवून डायल पाहा. सुई अजूनही सरकत असेल तर जीआरबीएलच्या कन्फिग फाइलमधला स्टेप पल्स डिले १० मायक्रोसेकंदांवर चालू करून प्रोग्राम पुन्हा बोर्डात भरा. डीएम५४२ ला दिशा पल्सच्या किमान ५ मायक्रोसेकंद आधी हवी असते.

हीच फेरी स्पिंडल बंद ठेवून बरोबर येते आणि चालू केला की बिघडते, असं झालं तर व्हीएफडीचा (स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या उपकरणाचा) त्रास आहे. स्पिंडलला शिल्डवाली केबल घ्या, तिची जाळी व्हीएफडीच्या बाजूला अर्थिंगला जोडा आणि सिग्नलच्या वायरी तिच्यापासून लांब न्या.