स्थलांतरित पक्ष्यांचे थवे वस्तीतल्या झाडांवर उतरून त्रास देत असतील, तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की हे काळे-गुलाबी पक्षी दर हिवाळ्यात इमारतीसमोरच्या झाडांवर मुक्कामाला येतात, खाली गाड्या शिटेने माखतात, संध्याकाळी कान किटतात. फटाके लावावेत की झाडंच तोडावीत, असा तुमचा प्रश्न आहे.

वर्णनावरून या भोरड्या. मध्य आशियातून येतात, दिवसभर शेतात असतात, तुमच्याकडे फक्त झोपायला. शहरात रात्री ऊब असते आणि शिकारी कमी. (चीनच्या शिंजियांगमध्ये याच भोरड्यांसाठी मुद्दाम घरटी बांधून देतात, टोळ फस्त करतात म्हणून!)

फटाक्यांचा उपयोग नाही. थवा उठतो, दोन घिरट्या घालतो, उडता उडता आणखी शिटतो आणि शेजारच्या झाडावर बसतो. थोड्याच दिवसांत आवाज अंगवळणी पडतो. पक्ष्यांना मारणं किंवा पकडणं तर सोडूनच द्या, भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

हुसकावायचंच असेल तर वेळ साधावी लागते. माझ्या खिडकीसमोरही असा मुक्काम असतो. थवा थेट झाडात शिरत नाही. आधी तारांवर, अँटेनांवर, गच्चीच्या कठड्यावर एकेक करून जमतो, बराच वेळ नुसती कुजबुज चालते आणि अंधारायला लागलं की सगळे एकदम पानांत घुसतात. त्रास द्यायचा तो या जमण्याच्या वेळी, तोही मुक्काम पडल्यावर पहिल्या काही दिवसांतच. रोममध्ये हिवाळ्यात लाखो स्टारलिंग (भोरड्यांच्याच कुळातले पक्षी) उतरतात, शिटेने रस्ते निसरडे होऊन दुचाक्या घसरतात. तिथे पालिकेची माणसं झाडांखाली त्याच पक्ष्यांची भेदरलेली हाक भोंग्यावर वाजवत फिरतात. ती हाक ओळखीची असल्यामुळे फटाक्यापेक्षा जास्त चालते. मात्र सलग वाजवली तर तिचीही सवय होते. आणि थवा जातो म्हणजे पुढच्या गल्लीत जातो, तेवढं लक्षात ठेवा.

झाड तोडू नका. पक्षी मायदेशी परत गेल्यावर, त्यात कोणाचं घरटं नाही हे बघून आणि रीतसर परवानगी काढून, फांद्यांची विरळणी करून घ्या. पक्ष्यांना दाट पानोरा लागतो. झाड उघडं पडलं की ते दुसरी जागा शोधतात.

शिटेचं मात्र गंभीरपणे घ्या. साचलेल्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते आणि तिची धूळ फुप्फुसात गेली की आजार होतो. त्यामुळे कोरडी झाडायची नाही. पाणी मारून भिजवायची, मास्क लावायचा, मग खरवडायची. गाडीवरची शीटही कोरडी घासू नका, रंगावर ओरखडे उठतात. ओलं फडकं थोडा वेळ ठेवून उचला, पण दिवसभर तशीच राहू देऊ नका. तीन-चार महिने गाड्या दुसरीकडे लावता आल्या, तर माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त उपाय. मी तेच करतो.