परिशिष्टातलं ‘२ हे. ०० आर’

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलं आहे: पाच एकरांतलं एक एकर पवनचक्कीला भाडेपट्ट्याने दिलं. आता मुलीच्या शिक्षणासाठी उरलेलं चार एकर विकायला काढलं, तर गिऱ्हाईक सातबारा पाहून परत जातं, नाहीतर निम्म्या भावात मागतं. पवनचक्कीने भाव पाडला, त्याची भरपाई कंपनीकडून मिळेल का? अशी पत्रं वर्षभरात बरीच आली.

भाऊ, पात्यांच्या आवाजाने आणि सावलीने जमिनीचा दर किती उतरला हे कोर्टात सिद्ध करणं फार अवघड आहे. त्याची आशा मी दाखवणार नाही. पण गिऱ्हाईक सातबारा पाहून परत गेलं, हे तुम्हीच लिहिलं आहे. पवनचक्की तर त्याला रस्त्यावरूनच दिसली होती.

भाडेपट्ट्याच्या दस्ताचे फोटो मी तीनदा वाचले. भाड्याच्या कलमात क्षेत्र ४० आर, म्हणजे एक एकर, आहे. शेवटच्या परिशिष्टात गट नंबर छापलेला, क्षेत्राची जागा कोरी सोडलेली, आणि ती बॉलपेनने भरलेली: २ हे. ०० आर. शेजारी तुमची सही. चतुःसीमाही अख्ख्या गटाच्या, पूर्वेला नाला, पश्चिमेला पांदण. म्हणजे कागदावर तुमचं पूर्ण वावर तीस वर्षांसाठी कंपनीकडे गेलं आणि तीच नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढली. फेरफाराची, म्हणजे सातबारातली नोंद बदलण्याची, नोटीस आली तेव्हा हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. ती तुम्ही देवळीत ठेवून दिलीत. परिशिष्ट न वाचता सही, नोटीस न वाचता गप्प! मला राग येतो, कारण दर दुसऱ्या पत्रात हेच असतं.

आता नुसत्या फेरफाराविरुद्ध अपील करत बसू नका. फेरफार दस्ताच्या मागे चालतो, म्हणून आधी दस्त दुरुस्त झाला पाहिजे. कंपनी तयार असेल तर मोजणी करून, ४० आरच्या चतुःसीमा घालून दुय्यम निबंधकाकडे चूकदुरुस्ती लेख नोंदवा. तयार नसेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम २६ आहे: दोन्ही बाजूंच्या चुकीने किंवा फसवणुकीने खरा इरादा दस्तात उतरला नसेल, तर कोर्ट तो दुरुस्त करू शकतं. भाडं पहिल्यापासून ४० आरच्याच हिशोबाने जमा होतं, हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. पासबुक जपा.

सगळं अडलं आहे ते दावा लावायच्या मुदतीवर. ती तीन वर्षांची. चूक कळल्यापासून मोजा, असं म्हणता येतं. पण समोरचा वकील तुमच्या सहीवर बोट ठेवून सांगेल की त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून नोंदणीच्या तारखेपासूनच धरा. दोन वर्षं सात महिने गेले, पाच महिने उरले. साइटवरचा माणूस ‘करून देऊ’ म्हणतो म्हणून मुदत थांबत नाही. शिवाय असे भाडेपट्टे कंपन्या कर्जासाठी बँकेकडे गहाण ठेवतात. सद्भावनेने पैसे दिलेल्या तिऱ्हाइताच्या हक्काला धक्का लागत असेल तर कोर्ट दुरुस्तीला कचरतं. गहाणाची नोंद झाली आहे का, हे आजच पाहा.

नऊ ते अकरा ही पानं फोटोंत नाहीत. त्यांत लवादाचं कलम असेल तर दाव्याऐवजी लवादाची नोटीस द्यावी लागेल, मुदत तीच. पवनचक्की बंद पाडण्यासाठी मनाई हुकूम मागू नका. विशिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पायाभूत प्रकल्पांना अडथळा होईल असा हुकूम कोर्ट देत नाही, आणि वीजनिर्मिती त्यात येते. धुऱ्यावरून गेलेल्या तारांचं म्हणाल, तर केंद्राचं जून २०२४ चं वाढीव मोबदल्याचं धोरण ६६ केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्यांसाठी आहे. तुमची ३३ केव्हीची दिसते. तिथे दस्तात काय ठरलं तेच पाहावं लागेल.

तालुक्याला कोर्टात दाव्याचा निकाल लागायला किती वर्षं जातात ते मी रोज पाहतो, आणि त्या तारखांपायी शेतकऱ्याचं वय सरतं. म्हणून स्पीड पोस्टाने, नोंदणी आणि पोचपावतीसह, कंपनीला नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या, उत्तराला पंधरा दिवस द्या, आणि दाव्याचा मसुदा तोवर तयार ठेवा. दस्त दुरुस्त होईपर्यंत कोणाकडूनही इसार घेऊ नका. ‘जमीन निर्वेध आहे’ असं इसारपावतीत लिहून दिलंत, तर उद्या गिऱ्हाईकच तुमच्यावर दावा लावेल.