पु. ना. गाडगीळ मूळचे पुण्याचे की सांगलीचे?

सांगलीचे. १८३२ साली गणेश गाडगीळांनी तिथे सराफी सुरू केली. पुण्यात लक्ष्मी रोडवर दुकान आलं ते थेट १९५८ मध्ये, दाजीकाका गाडगीळांमुळे. म्हणजे सव्वाशे वर्षं सांगलीतच! पुणेकरांना हे सांगितलं की पटत नाही, ते सोडा.

आमच्या आजीच्या डब्यात त्यांच्याकडची एक मोहनमाळ आहे, अजून गुलाबी कागदात गुंडाळलेली. पावती कधीच विरली, पण घडीवर पेन्सिलीने लिहिलेलं वजन वाचता येतं.

पुढे घरातच वाटण्या झाल्या. त्यामुळे 'पीएनजी ज्वेलर्स' आणि 'पीएनजी सन्स' आज वेगळे आहेत. पाट्या बघून गोंधळू नका. यातले ज्वेलर्सवाले सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारातही आले.